सभा कोणाला हसली?

एका जंगलात टीव्ही होता.

मुलांनो, जंगलात टीव्ही कुठून आला असे विचारू नका. गोष्टीत कोल्हा बोलतो तेव्हा तुम्ही विचारत नाही. सिंह राजा होतो तेव्हाही विचारत नाही. मग टीव्हीनेच काय घोडे मारले आहे?

तर टीव्ही होता. दिवेलागणीला सगळे प्राणी आपापल्या ढोलीत, बिळात, गुहेत तो लावून बसत. त्या वेळात वाघ शिकारीला निघत नसे. एक तर शिकार घराबाहेर पडत नसे, आणि वाघालाही मालिका चुकवायची नसे.

या जंगलात राजा नव्हता. सभा होती. सभेत मत कसे द्यायचे, हा पूर्वी मोठा प्रश्न होता. हात वर करा म्हणावे, तर हात फक्त माकडांना. शिंगे वर करा म्हणावे, तर ससे रुसले. शेपट्या मोजायच्या ठरल्या, तेव्हा अस्वले सभा सोडून गेली. शेवटी कोणीतरी म्हणाले, शिंग असो नसो, हसू सगळ्यांना येते. मग रीत ठरली. सभापतींनी ठराव तीन वेळा वाचायचा. सभा हसली तर ठराव नामंजूर. गप्प राहिली तर मंजूर. ‘सभा ज्याला हसेल ते नामंजूर’ असे वाक्य एका खडकावर कोरून ठेवले.

रीत चांगली होती. एकदा गव्यांनी ठराव आणला, की सगळे गवत फक्त गव्यांसाठी राखून ठेवावे. सभा इतकी हसली, की शेवटी गवेही हसले. त्या हसण्याने जंगलाचे बरेच दिवस बरे गेले.

नदीपलीकडे दुसरे जंगल होते. होते म्हणजे पूर्वी होते. तिथली झाडे गेली. झाडांबरोबर वाळवी गेली, मुंग्या गेल्या. तेव्हा मुंग्या आणि वाळवी खाऊन जगणारी काही कुटुंबे नदी ओलांडून इकडे आली. इकडचे प्राणी त्यांना खवले मांजर म्हणू लागले. अंगावर खवले होते, एवढे खरे. मांजराशी मात्र त्यांचा काही संबंध नव्हता. पण चौकशी करून मग नाव द्यावे, अशी इकडे पद्धत नव्हती.

त्यांतल्या एकाचे नाव झिरमुळ. त्याच्या बायकोचे नाव तांबुली. त्यांना एक पिल्लू होते. ते आईच्या शेपटीवर बसून सगळीकडे फिरे. झिरमुळ घरोघर जाऊन ढोलीला लागलेली वाळवी काढून देई. लांब जीभ फटीत घालायची, आणि सकाळपर्यंत ढोली साफ. बदल्यात तो काही मागत नसे. वाळवी हेच त्याचे जेवण होते.

आता हे काम पूर्वी अस्वलांचे होते. अस्वलांचे आजोबा वारुळे फोडत, झाडांची वाळवी काढत. पुढे अस्वलांना मोहाची फुले आवडू लागली. दोन पिढ्या झाल्या, एकाही अस्वलाने वारुळाला नाक लावले नव्हते. मोहाखाली उताणे पडून ती आजोबांच्या कष्टांची आठवण काढत. झिरमुळ आला, आणि आपले काम गेले हे अस्वलांच्या एकदम लक्षात आले.

“आमचा धंदा बसला हो,” भालबा अस्वल म्हणाले. ते वारूळ हक्क मंडळाचे अध्यक्ष होते.

“कधी बसला?” सभेचे चिटणीस कासव यांनी विचारले.

“परवा. तो खवल्या आला तेव्हा.”

“त्याआधी चालू होता का?”

“त्याआधी तो आमचा होता,” भालबा म्हणाले.

चिटणिसांनी हे लिहून घेतले. ते सगळेच लिहून घेत.

हळूहळू जंगलात कुजबूज सुरू झाली. आज वारुळे घेतली, उद्या बिळे घेतील. पाणवठ्यावर झिरमुळ आला की दोन प्राणी उगाच बाजूला सरकत. ही कुजबूज टोकेकर नावाच्या साळिंदराच्या कानावर गेली.

टोकेकर सुशिक्षित होते. अंगभर लेखण्याच असल्यामुळे त्यांना लिहिण्यावाचून गत्यंतर नव्हते. त्यांना जंगलाची लाज वाटली. ते म्हणाले, “ही भीती किती खुळी आहे हे जंगलाला दाखवलं पाहिजे. रागावून नाही, हसवून. मी जंगलापुढे आरसा धरतो.”

त्यांनी एक विनोदी मालिका लिहिली. नाव ‘आमचं वारूळ’. तिच्यात दाजी नावाचा एक लठ्ठ गवा होता. दाजी दिवसभर झाडाखाली बसत, काही काम करत नसत आणि खवले मांजरांना भीत. त्यांच्या तोंडी टोकेकरांनी निवडून निवडून मूर्खपणाची वाक्ये घातली.

“ह्यांना दात नाहीत!” दाजी ओरडत. “दात असलेला चावतो, हे आपल्याला माहीत असतं. दात नसलेला काय करील, हे कसं कळायचं?”

“दिवसभर झोपतात, आळशी कुठले! आणि रात्रभर राबून आमची कामं पळवतात!”

“घाबरला की गोल होतो. अरे, प्रामाणिक प्राण्याला गोल व्हायचं कारणच काय? आत काहीतरी लपवलंय!”

मग दुसऱ्या बाजूने खवल्या येई. हे काम एक वानर करत असे. तो फणसाची साल अंगभर चिकटवी, बोबडे बोले, कोणाच्या तरी ढोलीत शिरे, आणि दाजींनी आरोळी ठोकली की गोल होऊन उतारावरून गडगडत जाई. एवढ्यात जंगल हसून लोळलेले असे.

मालिका भलतीच चालली. जंगलाने आरशात पाहिले, केस विंचरले आणि म्हटले, आपण छान दिसतो.

“दाजी बोलतात ते विनोदी असतं,” रानडुक्कर पाणवठ्यावर म्हणाले, “पण खोटं नसतं.”

“आमच्या मनातलंच बोलतात,” गवे म्हणाले. “आम्हाला बोलायची चोरी होती. आता टीव्हीवरच बोलतात म्हटल्यावर काय!”

टोकेकरांना वाटले, जंगल दाजींना हसते आहे. लेखकाला आपल्याला हवे तसेच वाटते. त्याशिवाय त्याला पुढचा भाग लिहिता येत नाही.

एक दिवस झिरमुळ ससेकाकूंच्या बिळातली वाळवी काढत होता. ससेकाकू मायाळू होत्या.

“तू चांगला आहेस हो,” त्या म्हणाल्या. “तू त्यांच्यातला वाटतच नाहीस.”

“कोणांच्यातला, काकू?”

“ते रे, ते खवल्ये. चोर मेले.”

“तुम्हाला भेटलाय का कोणी?”

“मला कशाला भेटेल? रोज बघते ना मी!”

त्यांना आयुष्यात एकच खवले मांजर भेटले होते. तेच आत्ता त्यांच्या बिळात काम करत होते.

त्याच सुमारास एका टिटवीने आरडाओरडा केला. टिटवीबाई अन्यायाच्या शोधात असत. त्या म्हणाल्या, “खवले मांजराचं काम वानर करतो? हा अपमान आहे! जंगलात खरी खवले मांजरं आहेत, त्यांना ही संधी मिळाली पाहिजे!”

टोकेकर लगेच ओशाळले. चांगल्या प्राण्यांना ओशाळायला वेळ लागत नाही. त्यांनी झिरमुळला बोलावून घेतले.

झिरमुळला नटगिरीची हौस नव्हती. पण बाहेरून आलेल्यांना दर वर्षी राहण्याचा दाखला नवा करून घ्यावा लागे. दाखला मिळे नियमित काम असणाऱ्याला. ढोल्या साफ करणे हे त्याचे काम धरत नसत, कारण ते अस्वलांचे काम होते. टीव्हीवरचे धरत. दाखला नसला तर नदीपलीकडे जायचे, आणि पलीकडे खायला काही उरले नव्हते. पिल्लाला नुकती मुंग्यांची गोडी लागली होती.

“कर,” तांबुली म्हणाली. “उतारावरून गडगडायचंच आहे ना? नदीत गडगडण्यापेक्षा बरं.”

तालमीला झिरमुळ आला, उभा राहिला आणि आपले वाक्य बोलला.

“असं नाही,” टोकेकर हळुवारपणे म्हणाले. “जरा पलीकडच्यासारखं बोल.”

“मी पलीकडचाच आहे साहेब.”

“आहेस रे. पण ते कळायला नको का?”

“आम्ही असंच बोलतो.”

“बोलत असाल. पण प्रेक्षकांना तशी सवय नाही.”

मग खवले मांजर कसे बोलते, कसे चालते आणि कसे घाबरते, हे शिकवायला त्याच वानराला नेमले. वानर मनाचा मोठा होता. त्याने राग धरला नाही.

“जीभ अजून बाहेर काढ,” तो शिकवी. “अरे, अजून! तू खवले मांजर आहेस ना? मग वाटू दे की!”

तरी काहीतरी कमी पडत होते. झिरमुळचे खवले टीव्हीवर फारसे उठून दिसत नव्हते. तेव्हा त्याच्या खवल्यांवर फणसाची साल चिकटवली. टिटवीबाई मुद्दाम बघायला आल्या होत्या. त्यांचे डोळे भरून आले.

“आता कसं खरंखुरं वाटतं,” त्या म्हणाल्या.

झिरमुळला दाखला मिळाला. दिवस जात राहिले. तो रोज संध्याकाळी ढोलीत शिरे, बोबडे बोले आणि गडगडे. रस्त्यात प्राणी त्याला ओळखू लागले. “ए खवल्या, गोल होऊन दाखव की!” असे म्हणू लागले. तो हसून पुढे जाई.

पण एक गोष्ट बदलली. एक दिवस तो ससेकाकूंच्या बिळाशी गेला, तर दाराला मोठा दगड लावलेला.

“काकू, मी झिरमुळ. वाळवी झाली असेल.”

“झाली तर होऊ दे,” आतून आवाज आला. “काल तू साळुंक्यांच्या ढोलीत शिरलास. बघितलं मी.”

“काकू, ते टीव्हीवर.”

“टीव्हीवर इतकं करतोस, तर घरात काय करशील! माझी पोरं लहान आहेत बाबा.”

एकेक घर असे बंद झाले. ढोल्यांत वाळवी वाढली. प्राणी म्हणू लागले, ही खवले मांजरं आली तेव्हापासून जंगलात वाळवी फार झाली. यावर दाजींचा एक खास भाग झाला. तो फार गाजला.

मग टोकेकरांनी आपला सर्वांत धारदार भाग लिहिला. यात दाजी एक कायदा सुचवतात: ज्याच्या आजोबांना इथल्या वारुळातली मुंगी चावलेली नाही, तो परका. त्याने नदीला पाणी चढण्याआधी पलीकडे चालते व्हावे.

टोकेकर या कल्पनेवर खूश होते. मुंगी चावण्याचा पुरावा कोण देणार? आणि खवले मांजराला तर मुंगी चावूच शकत नाही, अंगावर खवले असतात. इतका बिनडोक कायदा ऐकला की जंगलाला कायमची लाज वाटेल, असा त्यांचा हिशेब होता.

झिरमुळने ते पान वाचले आणि तो त्यांच्या घरी गेला.

“साहेब, एवढं एक वाक्य काढा.”

“का रे?”

“मला भीती वाटते.”

“अरे, वाटायलाच हवी! म्हणजे जमलंय.” टोकेकर आनंदले. “हे विडंबन आहे, झिरमुळ. मी तुझ्याच बाजूने लिहितोय. बघ तू, हसून हसून पोट दुखेल सगळ्यांचं.”

“हसतात साहेब. पण हसून झालं की दाराला दगड लावतात.”

“लोकांच्या बुद्धीवर विश्वास ठेवावा लागतो,” टोकेकर म्हणाले.

“तुम्ही ठेवा. तुमचे आजोबा इथलेच.”

टोकेकरांना हे लागले. जे प्राणी दुसऱ्यांची बाजू घेतात, त्यांना दुसऱ्यांनी मध्ये बोललेले आवडत नाही. ते म्हणाले, वाक्य राहील. झिरमुळ म्हणाला, मग मी राहत नाही. त्याने अंगावरची फणसाची साल सोलून काढली, तिची नीट घडी करून टोकेकरांच्या दारात ठेवली आणि तो घरी गेला.

 तांबुलीने विचारले, “दाखला कधीपर्यंतचा आहे?”

“नदी चढेपर्यंतचा.”

“मग तोपर्यंत दुसरं काम बघ,” ती म्हणाली. तिने त्याच्या पाठीवर राहिलेला चीक दगडाने खरवडून काढला. चीक लवकर निघत नाही.

मालिकेत वानर परत आला. प्रेक्षक म्हणाले, “हाच बरा. तो मधला काही अस्सल वाटत नव्हता.”

मुंगीचा भाग दाखवला. जंगल हसले. दुसऱ्या दिवशी मागणीवरून पुन्हा दाखवला. जंगल पुन्हा हसले. मग तो रोजच दाखवू लागले. पंधरा दिवसांनी पोरे ते वाक्य खेळताना म्हणू लागली. महिन्याने रानडुक्कर झोपेत बरळू लागले. पुढे पुढे वाक्य आले की कोणी हसत नसे. सगळे नुसती मान डोलावत. ओळखीची गोष्ट खरी वाटते आणि खऱ्या गोष्टीला कोण हसणार?

भालबा अस्वल फार पुढचे पाहणारे नव्हते. पण आजोबांच्या नाकाला मुंग्या चावल्या होत्या हे त्यांना पक्के माहीत होते. घरात तेवढीच एक अभिमानाची गोष्ट होती. त्यांनी तो कायदा ठराव म्हणून सभेत मांडला. शब्दसुद्धा बदलले नाहीत.

टोकेकरांना बातमी कळली तेव्हा ते पोट धरून हसले. “मूर्ख आहे भालबा,” ते म्हणाले. “माझाच विनोद माझ्या जंगलापुढे ठराव म्हणून आणतो! सभा त्याला हसून हाकलून देईल. खरं सांगू? यापेक्षा चांगला शेवट मलाही सुचला नसता.”

सभेच्या दिवशी सगळे जंगल खडकासमोर जमले. सभापती सांबर वर उभे राहिले. कासव कागद घेऊन बसले. झिरमुळ, तांबुली आणि पिल्लू एका बाजूच्या चढावर बसली होती. बाहेरच्यांना सभेत बसायची मुभा होती. हसायची नव्हती.

सांबरांनी ठराव वाचला. “ज्याच्या आजोबांना इथल्या वारुळातली मुंगी चावलेली नाही, तो परका समजावा. त्याने नदीला पाणी चढण्याआधी पलीकडे जावे.”

सभा गप्प.

टोकेकरांनी मागे वळून पाहिले. गवे रवंथ करत होते. ससेकाकूंचे ओठ मात्र हलत होते. त्या सांबरांबरोबर वाक्य मनात म्हणत होत्या. त्यांना ते पाठ होते.

“दुसऱ्यांदा वाचतो,” सांबर म्हणाले. आणि वाचले.

सभा गप्प. सशाच्या एका पिल्लाने तेवढे दाजींसारखे “व्हय!” केले आणि आईने त्याला दाबले.

टोकेकरांच्या अंगावरचे काटे उभे राहिले. कोणीतरी हसले पाहिजे होते. ते सभासद होते. त्यांनी हसावे, असे त्यांच्या मनात आले. पण आयुष्यभर दुसऱ्यांना हसवल्यामुळे त्यांना स्वतःला हुकमी हसता येत नव्हते. घरी बातमी कळली तेव्हा हसू सहज आले होते. आज सगळे बघत होते. त्यांनी जोर लावला. घशातून कसलासा आवाज आला.

“सभासद टोकेकर खोकले,” कासवाने लिहून घेतले.

झिरमुळने चढावरून हे सगळे पाहिले. मग त्याने तांबुलीकडे पाहिले. तिला कळले.

“नको,” ती म्हणाली. “तू ते सोडलंयस.”

“एकदाच,” तो म्हणाला. “पिल्लाचे डोळे झाक.”

“तिसऱ्यांदा वाचतो,” सांबर म्हणाले. त्यांनी वाचून संपवले आणि मान वर केली. त्याच क्षणी झिरमुळने जीभ लांब बाहेर काढली, बोबड्या आवाजात “मेलो, मेलो, दाजी आले!” अशी आरोळी ठोकली, अंगाचा गोळा केला आणि चढावरून गडगडत थेट सभेच्या मधोमध आला.

सभा फुटली. गव्यांच्या नाकांतून पाणी आले. ससे एकमेकांवर कोसळले. भालबा अस्वल मांड्या थोपटत होते. वानराने कौतुकाने मान हलवली, तो म्हणाला, “आता कुठे याला जमलं!” सांबरांचीसुद्धा शिंगे हलत होती. जंगलात इतके हसू फार दिवसांत झाले नव्हते.

हसू ओसरले. झिरमुळ उलगडला आणि उभा राहिला. तो धापा टाकत होता.

“सभापती साहेब,” तो आपल्या साध्या आवाजात म्हणाला, “ठराव तिसऱ्यांदा वाचून झाला आणि सभा हसली. ठराव पडला.”

 सांबर गोंधळले. रीत तर तशीच होती. त्यांनी कासवाकडे पाहिले.

कासवाने चष्मा पुसला. खडकापर्यंत चालत जायला त्याला बराच वेळ लागला. तोवर सगळे थांबले. त्याने खडकावरचे वाक्य दोनदा वाचले आणि ते परत आले.

“नियम सांगतो, सभा ज्याला हसेल ते नामंजूर,” कासव म्हणाले. “ठराव वाचून झाल्यावर सभा ठरावाला हसलेली दिसत नाही. सभा ह्यांना हसली.”

“मग?” सांबरांनी विचारले.

“मग ठराव मंजूर. हे नामंजूर.”

“पण मी काही ठराव नाही,” झिरमुळ म्हणाला.

“त्याबद्दल नियमात काही नाही,” कासव म्हणाले आणि लिहू लागले.

सभेत कोणाला वाईट वाटले नाही असे नाही. बऱ्याच जणांना वाटले. पण ते घरी गेल्यावर.

चौथ्या दिवशी खवले मांजरांची कुटुंबे नदीकडे निघाली. पाणी पोटापर्यंत आले होते. ससेकाकू धावत आल्या. त्यांनी पानात बांधलेल्या मुंग्या तांबुलीला दिल्या. त्या रडत होत्या.

“वाटेत पोराला दे,” त्या म्हणाल्या. “झिरमुळ, बाबा, तू खरंच त्यांच्यातला नव्हतास रे.”

“काकू,” झिरमुळ म्हणाला, “बिळाच्या उजव्या भिंतीला कान लावत जा. कुरकुर ऐकू आली की समजा, वाळवी आतपर्यंत गेली. मग तिथे झोपू नका.”

“आणि मग काढायची कोणी?”

“अस्वलांना बोलवा.”

ससेकाकूंनी अस्वलांना बोलावले. भालबा स्वतः आले. त्यांनी भिंतीला कान लावला, कुरकुर ऐकली आणि ते भारावून गेले.

“आपली वाळवी आहे,” ते म्हणाले. “इथलीच आहे. राहू द्या.”

पलीकडच्या काठावर पिल्लू आईच्या शेपटीवरून उतरले. त्याने जमीन हुंगली. तिथे काही नव्हते. तांबुलीने पानाची पुडी सोडली, त्यातल्या अर्ध्या मुंग्या त्याला दिल्या आणि उरलेल्या पुन्हा बांधल्या.

इकडे टोकेकर अंथरुणाला खिळले. दोन आठवडे ते उठले नाहीत. मग त्यांनी ठरवले, आता विनोद पुरे. आता सरळ बोलायचे. संधीही चालून आली. परक्यांची बाजू निर्भयपणे मांडल्याबद्दल सभेने त्यांचा जाहीर सत्कार ठरवला. सुचवले भालबा अस्वलांनी.

सत्काराला सगळे जंगल आले. शाल पांघरायला जमेना, ती काट्यांत अडकली. ती तशीच लोंबत ठेवून टोकेकर बोलायला उभे राहिले. 

“मी आज विनोद करणार नाही,” ते म्हणाले. “हे जंगल मूर्ख आहे. आपण सगळे भेकड आहोत. आपण एका निरपराध कुटुंबाला उपाशी मरायला नदीपार घालवलं. आणि ते घालवायचं हत्यार मी माझ्या हातांनी घडवून दिलं.”

ते थांबले. आता दगड येतील, असे त्यांना वाटले. ते तयार होते. त्यांना दगड हवेच होते.

कोणी दगड मारला नाही. कोणी उठून गेले नाही. कोणी हसलेही नाही. वक्त्याने सांगितलेच होते, की हा विनोद नाही. सगळे सभ्यपणे, शांत बसून ऐकत होते.

सभापती सांबरांना सवय होती. त्यांनी टोकेकरांचे म्हणणे कासवाच्या कागदावरून पुन्हा वाचले. दुसऱ्यांदा शांतता. तिसऱ्यांदा वाचले. तिसऱ्यांदाही शांतता.

कासवाने लिहून घेतले: ‘जंगल मूर्ख आहे व सर्व सभासद भेकड आहेत. एकमताने मंजूर.’

“पुढचा विषय काय?” सांबरांनी विचारले.

“अल्पोपहार,” कासव म्हणाले.

तात्पर्य: परक्याची टिंगल करणे फार वाईट. म्हणून मुलांनो, ती स्वतः कधी करू नये. परक्यांविषयी मनापासून कळवळा असलेल्या एखाद्या चांगल्या लेखकाकडून करून घ्यावी.